जमिनीवरच्या कासवाच्या पिल्लाचं घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं जमिनीवरचं कासव जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचं असतं. मोठं कासव चार दिवस उपाशी राहील, थंडीवारा सोसेल. पिल्लाला तेवढी ताकद नसते. शिवाय पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याच्या कवचाला जो आकार येतो, तो जन्मभर तसाच राहतो. त्यामुळे पिल्लाचं घर लावताना सगळ्यांत जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं ते ऊब आणि ओलावा या दोन गोष्टींकडे, आणि त्या दोन्ही एकत्र मिळाल्या पाहिजेत. खालची बरीचशी उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतील.

आणलेलं पिल्लू जमिनीवरचं आहे की पाण्यातलं, हे कसं ओळखायचं?

पाय बघा. जमिनीवरच्या कासवाचे मागचे पाय खांबासारखे गोल आणि जाड असतात, बोटं वेगळी दिसत नाहीत, नुसती नखं दिसतात. पाण्यातल्या कासवाच्या बोटांमध्ये पडदा असतो आणि कवच बहुधा चपटं असतं. ही ओळख पटवणं फार गरजेचं आहे, कारण जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही. त्याला पाणी भरलेल्या टाकीत सोडलं तर ते बुडून मरतं. आणि या पानावरची सगळी माहिती फक्त जमिनीवरच्या कासवांसाठी आहे.

पिल्लू घरी येण्याआधी काय काय तयार असावं?

सगळंच. पेटी, माती, दिवे, थर्मोस्टॅट (ठरवलेलं तापमान आपोआप राखणारं उपकरण), तापमापक आणि आर्द्रतामापक लावून घर निदान आठवडाभर रिकामं चालवून पाहावं. दुपारी किती तापतं, पहाटे किती गार होतं, माती किती दिवसांत सुकते, हे या आठवड्यात कळतं. आधी पिल्लू आणून मग घर जमवायला घेतलं, तर या सगळ्या चुकांची किंमत ते पिल्लू चुकवतं.

त्याच्याही आधीचं काम म्हणजे जात आणि कायदा पाहणं. जमिनीवरच्या कासवांच्या साऱ्या जाती सायटीस या वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात. भारतीय स्टार कासव तर २०१९ साली त्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात गेलं, आणि भारतात ते घरात ठेवणं गुन्हा आहे. रानातून उचललेलं पिल्लू कुठल्याही कारणाने घेऊ नका. कागदपत्रं नसतील तर सरळ नाही म्हणा. जातीचं नक्की नाव कळल्याशिवाय घरही नीट लावता येत नाही, कारण हर्मन, ग्रीक आणि रशियन कासवांच्या गरजा एक, सुल्काटा आणि लेपर्डच्या दुसऱ्या, आणि लाल पायांच्या कासवाच्या तिसऱ्याच.

काचेची टाकी चालेल का? केवढी पेटी लागेल?

एका पिल्लासाठी १२० बाय ६० सेंटिमीटरची पेटी घ्यावी. ९० बाय ६० मध्येही सुरुवात होते, पण लवकरच ती अपुरी पडते. उंचीपेक्षा जमिनीचं क्षेत्रफळ महत्त्वाचं. एवढ्या मोठ्या जागेत पिल्लू हरवेल, घाबरेल, असं काहीजण सांगतात. मोकळ्या, उघड्याबोडक्या जागेत ते घाबरतं हे खरं, पण त्यावर उपाय आडोसे वाढवण्याचा आहे, जागा कमी करण्याचा नाही. लहान पेटीत एक टोक तापलं की दुसरंही तापतं आणि पिल्लाला गारव्याला जायला जागाच उरत नाही.

काच वाईट नाही, पण पिल्लाला ती दिसत नाही. पलीकडे जाता येईल या समजुतीने ते तासन्‌तास कोपऱ्यात पाय मारत राहतं. बाहेरून खालच्या दहा-पंधरा सेंटिमीटरवर गडद कागद चिकटवला की हा त्रास बराच थांबतो. लाकडी पेटी वापरत असाल तर आतून पाणी न झिरपणारा थर द्या, नाहीतर ओल्या मातीने लाकूड कुजेल.

उघड्या तोंडाचं टेबल की बंद पेटी, यात पिल्लासाठी माझा कौल बंद किंवा निदान बरीचशी झाकलेली पेटी असाच आहे. उघड्या टेबलावर दिव्याची ऊब आणि मातीची ओल दोन्ही वर उडून जातात. हवा खेळायला थोडी फट ठेवा.

खाली काय अंथरायचं?

खत आणि कीटकनाशक न मारलेली साधी बागेची माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) सारख्या प्रमाणात मिसळून दहा सेंटिमीटरचा थर द्या. वरून वाळकी, स्वच्छ पानं टाकली तर पिल्लं त्यांखाली आवडीने शिरतात. माती हाताने किंचित दाबून बसवा, फार भुसभुशीत ठेवू नका, कारण चालताना पाय रुतत राहिले तर पिल्लू उलटण्याची शक्यता वाढते.

वाळू नको, ती खाण्याबरोबर पोटात जाऊन आतडं तुंबू शकतं. देवदार-पाइनचा भुसा नको, त्याच्या उग्र तेलांचा फुप्फुसांना त्रास होतो. वर्तमानपत्रावर पाय घसरतात आणि ओलही टिकत नाही. मक्याच्या कणसाचा चुरा किंवा अक्रोडाच्या सालीचा भुगाही टाळा.

कासव कोरड्या रानातला प्राणी आहे ना? मग ओलावा कशाला?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि पिल्लांचं सर्वाधिक नुकसान याच गैरसमजापायी झालेलं आहे. वर्षानुवर्षं लोक पिल्लांना कोरड्या पेटीत, कडक दिव्याखाली ठेवत आले, कारण ‘वाळवंटातलं जनावर’ अशी समजूत होती. पण वाळवंटाच्या कडेला राहणारं कासवसुद्धा दिवसभर उन्हात फिरत नाही. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला राहणारं सुल्काटा कासव खोल बीळ खणतं आणि कडक उन्हाचा काळ आत काढतं. बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा गार आणि कितीतरी दमट असते. पिल्लं तर पालापाचोळ्याखाली, झुडपांच्या बुंध्याशी, गवताच्या मुळांत दडून असतात. तिथे जमिनीची ओल असतेच.

कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लाच्या कवचावरची प्रत्येक चौकट उंचवटा होऊन वर येते. याला पिरॅमिडिंग म्हणतात. पूर्वी याचं खापर प्रथिनयुक्त आहारावर फोडलं जायचं. २००३ साली सुल्काटाच्या पिल्लांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कोरड्या हवेत ठेवलेल्या पिल्लांचे उंचवटे दमट हवेत ठेवलेल्यांपेक्षा स्पष्टपणे मोठे आले, आणि आहारातल्या प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ निघाला. एकदा आलेले उंचवटे परत सपाट होत नाहीत. पुढची वाढ तेवढी सुधारता येते.

म्हणून पिल्लांच्या घरात आर्द्रता ६० ते ८० टक्के ठेवा. सुल्काटा, लेपर्ड आणि लाल पायांच्या पिल्लांना ८०च्या आसपास, हर्मन-ग्रीक-रशियन पिल्लांना त्याहून थोडी कमी, आणि त्यांना एखादा कोरडा कोपराही हवा. ही आर्द्रता नुसत्या फवाऱ्याने टिकत नाही, अर्ध्या तासात उडून जाते. त्यापेक्षा पेटीच्या कोपऱ्यांतून पाणी ओता म्हणजे ते तळाशी उतरेल. वरचा थर हाताला जवळजवळ कोरडा लागावा आणि बोट खुपसलं की आत ओल लागावी. वरचा थरच सतत चिकचिकीत राहिला तर पोटाकडचं कवच सडू लागतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : ओल चालते ती उबेबरोबरच. ओल आणि गारवा एकत्र आले की पिल्लाला श्वसनाचा संसर्ग होतो. दिवे बंद पडले, घर गार झालं, तर त्या दिवशी पाणी ओतू नका.

तापमान किती ठेवायचं?

एकच आकडा कुठल्याच जातीला चालत नाही. एका टोकाला शेकायची ऊबदार जागा, दुसऱ्या टोकाला गारवा, आणि मधे दोन्हींच्या मधलं काहीतरी. कासवाला शरीराची ऊब आतून तयार करता येत नाही, जागा बदलूनच ते ती कमीजास्त करतं. ती निवड त्याच्या हातात राहू द्या.

दिव्याखाली, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, ३२ ते ३५ अंश सेल्सिअस. हर्मन, ग्रीक, रशियन पिल्लांना गार टोक २२ ते २४ चालतं आणि रात्री १८ पर्यंत खाली गेलं तरी हरकत नाही. सुल्काटा आणि लेपर्डच्या पिल्लांना मात्र रात्रीही २६च्या खाली जाऊ देऊ नये, कारण त्यांना ओल जास्त लागते आणि ओलीबरोबर ऊब लागतेच. लाल पायांचं कासव पावसाळी रानांतलं. त्याला सगळीकडे २६ ते ३० अंश बरे, फार कडक शेक नको.

मोजायला भिंतीवर चिकटवायचे गोल काट्याचे तापमापक वापरू नका, ते अनेकदा चुकीचं दाखवतात आणि भिंतीचं तापमान सांगतात. वायरच्या टोकाला संवेदक असलेला डिजिटल तापमापक-आर्द्रतामापक घ्या आणि संवेदक जमिनीलगत ठेवा. पिल्लू राहतं तिथे, पेटीच्या छतापाशी नाही. शेकायच्या दगडासाठी इन्फ्रारेड तापमापक बंदूक फार कामाची.

दिवा पसरट झोताचा घ्या. अरुंद झोताचा दिवा पाठीच्या मधोमध तापवतो आणि तेवढाच भाग वाळवतो, त्यानेही उंचवट्यांना हातभार लागतो.

हीट रॉक (विजेवर तापणारा दगड) किंवा पेटीखाली हीट पॅड लावू का?

नको. रानात कासवाला ऊब वरून, सूर्याकडून मिळते. फार तापलं की ते गारव्यासाठी जमीन उकरून खाली जातं. खालूनच तापवलं तर ते जीव वाचवायला उकरतं आणि आणखी गरम जागी जातं. पोटाकडचं कवच भाजल्याचं बराच वेळ कळतही नाही.

रात्री दिवा चालू ठेवायचा का?

उजेड अजिबात नको. दिवसा साधारण बारा तास उजेड, रात्री गडद अंधार. लाल किंवा निळा ‘रात्रीचा बल्ब’ही नको, कासवांना रंग चांगले दिसतात. ऊब हवी असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून वापरा. तो अतिशय तापतो, म्हणून होल्डर चिनी मातीचाच हवा. आणि कुठलाही दिवा नुसत्या चिमट्यावर टांगू नका. साखळी किंवा जाड तार लावून पक्का करा. चिमटा निसटून कोरड्या पानांवर दिवा पडला की आग लागते.

खिडकीतून ऊन येतं, मग यूव्हीबी ट्यूब कशाला?

काचेतून ऊब आणि उजेड येतो, पण यूव्हीबी, म्हणजे उन्हातली एका प्रकारची अतिनील किरणं, जवळपास येतच नाहीत. हीच किरणं कातडीवर पडली की शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. कवच मऊ पडतं, पाय वाकडे होतात, पिल्लू अंग उचलून चालण्याऐवजी घसटत चालायला लागतं.

टी-फाइव्ह प्रकारची, म्हणजे बारीक व्यासाची, लांब ट्यूब घ्या, पेटीच्या निम्म्याहून जास्त लांबीची. ती शेकायच्या दिव्याशेजारीच लावा, म्हणजे शेकताना यूव्हीबीही मिळेल. उजेड नेहमी वरून पडावा, बाजूने पडला तर डोळ्यांत जातो. मधे काच किंवा प्लास्टिक नको, आणि जाळीही बरीच किरणं अडवते, हे धरून अंतर ठरवा. अंतर ट्यूबच्या खोक्यावर छापलेलं असतं. वर्षभराने ट्यूब बदला. ती उजेड देत राहते, पण त्यातलं यूव्हीबी कमी झालेलं असतं आणि डोळ्यांना ते कळत नाही.

आणि हो, खिडकीशी काचेची टाकी कधीच उन्हात ठेवू नका. आतलं तापमान काही मिनिटांत जीवघेणं होतं.

पाण्याचं भांडं कसलं? अंघोळ घालायची का?

भांडं म्हणजे कुंडीखालची मातीची उथळ थाळी, काठाशी मातीत बसवलेली. पिल्लाला चालत आत जाता आणि चालत बाहेर येता आलं पाहिजे. पाणी त्याच्या हनुवटीच्या खालीच राहावं. उंच काठाचे, गुळगुळीत, डोंगरासारखे दिसणारे तयार वाडगे टाळा, त्यांवरून पिल्लं उलटतात, आणि पाण्यात उलटलेलं पिल्लू बुडतं. पाणी रोज बदला. बहुतेक वेळा त्यात घाण केलेली असतेच.

याशिवाय पिल्लांना रोज कोमट पाण्यात बसवावं. आरपार न दिसणारा टब घ्या, पाणी तीस अंशांच्या आसपास, वरचं आणि खालचं कवच बाजूला जिथे जुळतं तिथवर. पंधरा-वीस मिनिटं पुरे. पिल्लू आधी पाय मारतं, भिंतीला धडकतं, मग स्थिरावतं. मान लांब करून हनुवटी पाण्यात टेकवतं आणि गळ्याखालची कातडी वरखाली हलायला लागते. तेव्हा ते पाणी पीत असतं. थोड्या वेळाने पाण्यात पांढरट पदार्थ दिसतो, ते यूरेट, म्हणजे लघवीबरोबर बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ. मऊ असेल तर सगळं ठीक. हाताला रवाळ लागत असेल तर पिल्लाला पाणी कमी पडतंय. अंघोळ चालू असताना तिथून उठून जाऊ नका. नंतर अंग टिपून लगेच उबेत ठेवा.

पिल्लू उलटं पडलं तर?

पेटीत धोका बहुधा इथेच असतो. धडधाकट पिल्लू मान आणि पाय यांचा जोर लावून सुलटं होतं, पण त्यासाठी जवळ काहीतरी आधार लागतो. गुळगुळीत सपाट जागी ते नुसतं गरगर फिरतं. आणि ते नेमकं दिव्याखाली उलटलं तर तापून दगावू शकतं. म्हणून दिव्याखाली फक्त एक चपटा, खडबडीत दगड, मातीच्या पातळीला बसवलेला. त्याच्या आसपास चढण, ओंडका, विटा काही नको. पेटीत इतरत्र थोडा उंचसखलपणा चालतो, किंबहुना पायांना व्यायाम म्हणून हवाच. पिल्लू उलटलेलं दिसलं तर अलगद सुलटं करा आणि ते किती वेळ तसं होतं ते ठाऊक नसेल तर कोमट पाण्यात बसवा.

लपायला काय ठेवू? झाडं लावू का?

निदान दोन लपणी हवीत, एक उबेच्या बाजूला आणि एक गारव्याला. आडवी, अर्धी पुरलेली मातीची कुंडी उत्तम. गार नव्हे, उबेकडच्या लपणीत माती जरा जास्त ओली ठेवा, पिल्लू तिथेच झोपायला जाईल.

झाडं लावाच. जास्वंद, कोरफड आणि स्पायडर प्लांट चालतात. रोपवाटिकेतून आणलेलं रोप धुऊन, कुंडीतली माती बदलून काही आठवडे बाहेर वाढू द्या, कारण त्यावर फवारणी झालेली असते. कण्हेर, घाणेरी, एरंड, डिफेनबाकिया ही पेटीच्या आसपासही नकोत. दोऱ्या, प्लास्टिकची पानं, रंगीत खडे यांतलं काहीही ठेवू नका. पिल्लं चावून पाहतात आणि गिळतात.

एकटं कंटाळेल. दोन ठेवू का?

नाही. कासव कळपात राहणारं जनावर नाही. दोघांत एक वरचढ ठरतंच. ते मारामारी करेलच असं नाही. नुसतं सतत मागे मागे फिरतं, चांगली जागा अडवतं, दुसऱ्याच्या अंगावर चढून बसतं. लोकांना ते प्रेम वाटतं. दबलेलं पिल्लू मग कमी खातं, लपून राहतं आणि वाढ खुंटल्यावरच घरच्यांच्या लक्षात येतं. दोन असतीलच तर दोन पेट्या. वेगवेगळ्या जाती तर कधीच एकत्र नकोत, एकीला न बाधणारे जंतू दुसरीचा जीव घेऊ शकतात.

बाहेर उन्हात सोडता येईल का?

ऊबदार दिवशी तास-दोन तास, हो, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण वर जाळी हवीच. कावळे, मांजरं, कुत्री, उंदीर या सगळ्यांना चार सेंटिमीटरचं कासव म्हणजे आयता घास. निम्म्या भागावर सावली, उथळ पाणी, आणि मुंग्यांचं वारूळ जवळ नाही ना हे पाहून. घरातला कुत्रा कितीही गुणी असला तरी त्याला आणि पिल्लाला एकत्र सोडू नका.

खायला काय आणि कुठे?

खाण्यावर लिहायचं तर वेगळं पान लागेल. थोडक्यात, हर्मन, सुल्काटा, लेपर्ड अशा जातींना पानं आणि फुलं : जास्वंद, तुती, निवडुंगाची कोवळी पानं, डँडेलायन, चिकोरी. फळं त्यांना नकोत. लाल पायांच्या कासवाला मात्र फळं चालतात. पालक रोजचा नको. फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पूड आठवड्यातून काही वेळा भुरभुरवा. खाणं चपट्या खडबडीत फरशीवर वाढा, त्याने चोच आणि नखं झिजतात आणि माती तोंडात जात नाही.

पिल्लू दिवसभर मातीतच दडून असतं. आजारी आहे का?

बहुधा नाही. रानात बाहेर दिसणारं पिल्लू कोणाच्या तरी पोटात जातं, म्हणून दडून राहणं त्याच्या अंगातच असतं. नव्या घरात पहिले दोन आठवडे तर असंच जायचं. सकाळी दिवे लागल्यावर बाहेर येऊन शेकत असेल, खात असेल, अंघोळीत हालचाल करत असेल तर निर्धास्त राहा. सारखं उचलून पाहू नका. पण खाणं बंद, डोळे मिटलेले किंवा सुजलेले, नाकातून पाणी किंवा बुडबुडे, तोंड उघडून श्वास, यांतलं काहीही दिसलं तर वाट पाहू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला गाठा. असा पशुवैद्य कुठे आहे हे पिल्लू आणण्याआधीच शोधून ठेवलेलं बरं.

हिवाळ्यात ते झोपी जाईल का?

सुल्काटा, लेपर्ड, लाल पायांचं कासव यांना शीतनिद्रा नसतेच. त्यांना गारठ्यात ठेवलं तर ती मरतात. हर्मन, ग्रीक, रशियन कासवं रानात शीतनिद्रा घेतात, पण अशक्त किंवा आजारी पिल्लाला कधीच झोपवू नये, आणि निरोगी पिल्लाचाही निर्णय पशुवैद्याला विचारूनच घ्यावा. तोवर दिवे नेहमीसारखे चालू ठेवले की ते जागंच राहतं.

घरात लहान मुलं आहेत. काही धोका?

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात. अमेरिकेत चार इंचांहून, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटरहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ पासून बंदी आहे ती याच कारणाने. पिल्लू, पेटी किंवा भांडं हाताळल्यावर साबणाने हात धुवायचेच. टब आणि थाळी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नका. पाच वर्षांखालच्या मुलांनी नुसतं बघावं.

साफसफाईचं म्हणाल तर विष्ठा आणि उरलेलं खाणं रोज उचला, दर दोन-तीन महिन्यांनी माती बदला, मधे बुरशी किंवा कुबट वास आला तर लगेच.

घर बरोबर लागलंय हे कसं समजायचं?

स्वयंपाकाच्या छोट्या वजनकाट्यावर, त्यासाठी वेगळा काटा ठेवून, आठवड्यातून एकदा वजन करा. शक्यतो अंघोळीनंतर, एकाच वेळी. आकडा हळूहळू पण सातत्याने वर जायला हवा. एखाद्या आठवड्यात थोडा खाली आला तर घाबरू नका, सलग दोन-तीन आठवडे घसरत राहिला तर आधी तापमान आणि ट्यूब तपासा. वजनाबरोबर पाठीचा फोटोही काढून ठेवा. चौकटींच्या मधे नवी वाढ फिकट रेघेसारखी दिसते. ती रेघ गुळगुळीत आणि सपाट असेल तर ओल पुरेशी आहे. रेघ खोलगट होऊन चौकटी वर उचलल्या जाताना दिसल्या तर त्याच दिवशी मातीत पाणी वाढवा आणि पेटी आणखी झाका.